दुधाच्या पातेल्याची जागा

विमल,

तुझ्या घरून परत आले आणि आधी काय केलं असेल तर ओटा पुसला. ओटा पुसलेलाच होता. मग फडताळातले डबे उतरवले, खालचे कागद बदलले, डबे परत लावले. तू असतीस तर दारात उभी राहून म्हणाली असतीस, "झालं का तुझं, सुमन? का अजून एखादी वस्तू जागेवरून हलवायची राहून गेली?" तू हे चेष्टेनं म्हणायचीस आणि मी हसून घ्यायचे. सात वर्षं मी ते हसून घेतलं.

तुमच्याकडे दहावं-तेरावं नाही, त्यामुळे कधीपर्यंत रडायचं आणि कधी डोळे पुसून कामाला लागायचं, ते मला कळेना. रविवारी तुझ्या क्वार्टरात वंदना झाली. प्रभाकरभाऊजींनी तुझा तो शाळेतला फोटो लावला होता, ज्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू भलतीकडेच. बाहेर इतकं धुकं होतं की फाटकापाशी कोण उभं आहे तेही दिसेना. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. मानक नगरात आपण बारा वर्षं समोरासमोर राहिलो, तू अंधशाळेत शिकवायचीस, तू कॉफीचं दुकान काढलंस, तू जिद्दीची होतीस. लोकांनी माना हलवल्या. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तुझ्यासाठी नव्हतं.

तुझ्यासाठीचं वाक्य वेगळं आहे. ते लतीफच्या हाताबद्दल आहे. ते लिहायला मी आपणहून बसलेली नाही, मला एकानं तसं बजावून सांगितलं आहे. पण एका दमात लिहून मोकळं व्हायला मला जमत नाही. तू मला ओळखतेस, चहा करायचा म्हटला तरी मी आधी भांडं पुन्हा विसळून घेते.

आपली ओळख कपावरून झाली. आम्ही नुकतेच बदली होऊन इकडे उत्तरेत आलो होतो. दारावरची मराठी पाटी वाचून तू सरळ आत आलीस आणि म्हणालीस, "नागपूरची आहे मी. समोरच राहते." कितीतरी दिवसांनी घराबाहेरच्या कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं आणि मला भरून आलं. सासूबाई तेव्हा वाईहून आलेल्या होत्या. तुझं आडनाव कळल्यावर त्या स्वतः उठून आत गेल्या, आणि तुझा चहा आला तो कामवालीसाठी ठेवलेल्या कान तुटलेल्या कपातून. तू तो कप पाहिलास. तू पाहिलास हे मी पाहिलं. तू चहा प्यायलीस, कप खाली ठेवलास आणि आलमबागेत सब्जी कुठे चांगली मिळते ते मला सांगून गेलीस.

दोन वर्षांनी, चांगली मैत्री झाल्यावर, एका दुपारी मटार सोलता सोलता तू अचानक म्हणालीस, "तुझ्या सासूचं मी समजू शकते. तू काहून बोलली नाही?" मी मटार सोलत राहिले. तूही पुन्हा विचारलं नाहीस. आता वाटतं, तुला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई कशी आहे ते. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, विमल. पण तोंड उघडायची वेळ आली की माझ्या हाताला काहीतरी काम सापडतं.

तरी आपलं जमलं. तुझी मुलं आणि माझी मुलगी आपल्याला हिंदीत उत्तरं द्यायची, "हाँ मम्मी, समझ गए," म्हणून आपण दोघी एकमेकींशी जरा जास्तच मराठी बोलून घ्यायचो. तुझं "करून राहिली" मी माझ्या नकळत उचललं होतं. माझे मिस्टर एकदा म्हणाले, तू वाईची की वर्ध्याची? ते मी तुला येऊन सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की कढईतली फोडणी जळली.

दुकान तुझ्या डोक्यात कुठून आलं हे तू फार उशिरा सांगितलंस. तुझे बाबा कापडगिरणीत होते. डोळे गेल्यावर घरच्यांनी त्यांना खाटेवर बसवलं ते बसवलंच. पाणी हवं का, आणते, तुम्ही उठू नका, पडाल. जेवण खाटेवर, रेडिओ खाटेवर. "माझा बाप आंधळा होऊन नाही मेला," तू म्हणालीस, "बसून बसून मेला. आणि आम्ही सगळे मायेनंच करून राहिलो होतो." पुढे तू अंधशाळेत शिकवायला लागलीस तर तिथली मुलं मोठी होऊन बाहेर पडली की खुर्च्यांना वेत विणायला बसायची. लोक त्याचं कौतुक करायचे. तू घरी येऊन चिडायचीस. "पुन्हा बसलेच की नाही?"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू कॉलनीच्या कमिटीकडून क्लबामागची ती खोली मागून घेतलीस. पूर्वी तिथे बॅडमिंटनच्या जाळ्या आणि मोडकी बाकं ठेवत. मी म्हटलं, अगं, मानक नगरात कॉफी कोण पिणार? इथे नाक्यानाक्यावर चहा आहे. तू म्हणालीस, "चहा लोक उभ्या उभ्या पितात आणि जातात. कॉफीला बसतात. बसले तर पाहतील नं." इंजिनीअर लोक कॉफीसाठी पार शहरातल्या गंजात, त्या मोठ्या बाजारात जातात, ते इथे का येणार नाहीत, हा तुझा हिशेब. तो बरोबर निघाला. तुझे हिशेब बहुतेक बरोबरच निघायचे आणि त्याचा मला कधी कधी राग यायचा.

लतीफ तुझा जुना विद्यार्थी. लहानपणी देवी आल्या त्यात त्याचे डोळे गेले. तेव्हा तिशीचा असेल, ऐशबागेत वेत विणत होता. शकुंतला आलमबागेची, जन्मापासून ऐकू न येणारी, नवऱ्यानं टाकलेली. तो कॉफी करणार, ती देणार. मी तुला वेड्यातच काढलं होतं. तिच्या खुणा याला दिसणार नाहीत आणि याचं बोलणं तिला ऐकू जाणार नाही, मग दुकान चालवणार कोण, मी? तू म्हणालीस, त्यांचं ते पाहून घेतील.

आणि त्यांनी पाहून घेतलं. स्वयंपाकाची खोली आणि बसायची खोली यांच्यामध्ये ती खिडकी होती आणि खिडकीत जाड फळी. शकुंतला फळीवर बोटानं ठोकायची. एकदा ठोकलं की एक कप. भरभर दोनदा, बिनसाखरेचा. तळहात आपटला तर थांब. तो उत्तर द्यायचा चमच्याच्या दांड्यानं, तेही फळीवरच, आणि ती तिथे तळवा टेकवून उभी असायची. तळव्यानं ऐकायची ती. पंधरा दिवसांत त्यांच्यात इतकं बोलणं व्हायला लागलं की कॉफीशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. मध्येच शकुंतला खळखळून हसायची आणि गिऱ्हाइकं दचकून बघायची. तो काय ठोकायचा कोण जाणे. तू विचारलंस तर म्हणाला, "कुछ नहीं बहनजी, दूध का हाल बता रहे थे।"

भिंतीवर तू पाटी लावली होतीस. "कृपया बैठे रहें। कॉफ़ी आप तक आएगी।" ती पाटी म्हणजेच सगळं दुकान होतं. आमच्या साहेबांपैकी एक फार दयाळू होते, ते रोज उठून कप आणायला जायचे. तू त्यांना सगळ्यांसमोर म्हणालीस, "सर, बैठिए। कॉफ़ी के अपने पैर हैं।" ते ओशाळून बसले आणि पुढे रोज आले. मला मात्र तुझं ते पटायचं नाही. मदत केली तर काय बिघडलं, असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, मागितल्यावर करावी, न मागता केली तर तो हुकूम होतो. या वादावर आपण कितीतरी दुपारी घालवल्या. मी नानकटाई करून आणायचे, पडदे शिवले, टेबलांवर फुलं ठेवायचे. पण त्या आतल्या खोलीत तू मला काही करू द्यायची नाहीस.

ती खोली मला बघवायची नाही, हे खरं आहे. कोळशाची शेगडी, काजळी धरलेल्या भिंती, खिळ्यांना लटकणारी फडकी. शेगडीच्या डाव्या हाताला विटांचा कट्टा, त्यावर दुधाचं पातेलं उतरवून ठेवायचं. उजव्या हाताला स्टुलावर पाण्याची बादली, त्यात हात बुडवून घ्यायचा. समोरच्या फळकुटावर तू बारीक पट्ट्या ठोकून चौकोन केले होतेस. हा कॉफीचा, हा साखरेचा, हे कप, हे चमचे. लतीफचे हात त्या चौकोनांमधून असे फिरायचे की डोळसानं बघत राहावं. कॉफी फेटताना चमच्याच्या आवाजावरून त्याला कळायचं की झाली. दुधाच्या तळाशी एक वाटी पालथी टाकलेली असायची. ती खडखडायला लागली की तो पातेलं उतरवायचा. मी एकदा म्हटलं, हे स्वयंपाकघर आहे का कोळशाची वखार? दे मला एक दिवस, लख्ख करते. तेव्हा तू चेष्टा करत नव्हतीस. "ते स्वयंपाकघर नाही, सुमन. ते त्याचं डोकं आहे. तिथं तू हात लावू नको."

मला राग आला होता. तो राग मी दोन वर्षं धरून ठेवला होता की काय, ते मलाच माहीत नाही.

कमिटीतल्या बायका दुकान बघायला येणार होत्या तो दिवस. खोली तुमच्याकडे ठेवायची की परत घ्यायची हे त्यांच्या मतावर ठरणार होतं. तू त्यांना आणायला क्लबात गेलीस. शकुंतला पुढच्या खोलीत टेबलं पुसत होती. लतीफनं दूध तापवून पातेलं कट्ट्यावर उतरवून ठेवलं आणि तोंड धुऊन शर्ट बदलायला पुढच्या हापशावर गेला. मी घरून येताना क्रॉस-स्टिचचा पांढरा टेबलक्लॉथ आणला होता. मी आत डोकावले. दारातून सरळ समोर दिसत होता तो काळा कट्टा आणि त्याच्यावर ते काळं पातेलं. माझ्या मनात आलं, बायका पहिलं हेच बघणार.

मी तुझ्या सगळ्या चौकोनांवर टेबलक्लॉथ पसरला. चमचे आणि कप त्याच्यावर ओळीनं मांडले. कट्टा पुसला. बादली स्टुलावरून उचलून खाली सरकवली आणि दुधाचं पातेलं स्टुलावर ठेवलं, दाराच्या आड, कुणाला दिसणार नाही असं. झाकण फार काळं होतं म्हणून ते घासायला मागच्या मोरीवर घेऊन गेले. पाच मिनिटंही झाली नसतील. खोली फार छान दिसत होती, विमल. मी वळून एकदा बघितलंसुद्धा.

लतीफ आत आला, कामाला लागायच्या आधी हात बुडवून घ्यायला त्यानं उजवा हात बादलीच्या जागी घातला.

त्याचं ओरडणं मला मोरीवर ऐकू आलं. मी धावत आले तर तो खाली बसला होता, हात समोर धरून, आणि पातेलं उलटून दूध सगळीकडे पसरलं होतं. मी बादली ओढली, स्टुलावर ठेवली, त्याचा हात धरून तिच्यात घातला. भाजलेला हात पाण्यात घालायचा म्हणून बादली हवी होती, हे खरं आहे. ती तिच्या जागेवर नेऊन ठेवली, हेही खरं आहे. आणि मग भिजलेला टेबलक्लॉथ मी चौकोनांवरून ओढून काढला, कप-चमचे खाली सांडले, आणि तो पिळून माझ्या पिशवीत कोंबला. हे कोणासाठी केलं ते मी तुला सांगायला नको. तू बायकांना घेऊन दारात आलीस तेव्हा बाकी सगळं आपापल्या जागी होतं, फक्त पातेलं आणि कप-चमचे जमिनीवर होते.

"हम से भूल हुई, बहनजी," तो एकसारखा म्हणत होता. "हम भटक गए। अपनी ही जगह में भटक गए।"

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात राखेनं अर्धं घासलेलं झाकण होतं. कुणीही विचारलं नाही, ते माझ्या हातात कसं आलं.

बायका दारातूनच परत गेल्या. वाईट नव्हत्या त्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खोली काढूनसुद्धा घेतली नाही. शेगडीजवळ डोळस माणूस असेल तर दुकान चालू ठेवा, एवढंच कळवलं. तू चिडलीस आणि संध्याकाळी माझ्या ओट्यापाशी उभी राहून भांडायला लागलीस. "पातेलं डावीकडे असते. मग त्याचा उजवा हात काहून भाजला? सांग नं मला." तू उजवा हात पुढे करून दाखवत होतीस. मी म्हटलं, गोंधळला असेल, उलटा वळला असेल. "लतीफ उलटा वळत नाही." मी म्हटलं, विमल, आंधळ्या माणसाला उकळत्या दुधाजवळ उभं केल्यावर हे कधी ना कधी होणारच होतं.

मी असं म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि घरी गेलीस. त्या क्षणापर्यंत मी नुसती गप्प होते. त्यानंतर मी खोटं बोललेली बाई झाले.

तू शकुंतलेला खोदून खोदून विचारलंस, कोणी आत गेलं होतं का, तूच तर काही हलवलं नाहीस ना. ती बिचारी रडली. माझ्यावर तुझा संशयसुद्धा गेला नाही, किंवा गेला असेल तर तू तो मनातच ठेवलास. लतीफचा हात बरा झाला. कातडी आक्रसली, पण बोटं चालायला लागली. तू तीनदा ऐशबागेला जाऊन त्याला बोलावलंस. प्रत्येक वेळी परत आलीस आणि त्याचं तेच उत्तर मला सांगितलंस, "हाथ का भरोसा चला गया, बहनजी।" दीड महिना तू स्वतः शेगडीपाशी उभी राहिलीस. शकुंतला सवयीनं फळीवर ठोकायची, मग तिच्या लक्षात यायचं, आणि ती कप मोजून बोटं दाखवायची. उन्हाळा लागला तशी तू खोलीची किल्ली देऊन टाकलीस. पाटी तुझ्या घरी आली. बॅडमिंटनच्या जाळ्या पुन्हा तिथे गेल्या. लतीफ पुन्हा वेत विणायला बसला.

तो टेबलक्लॉथ माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. धुतला तेव्हा स्वच्छ निघाला. सात वर्षांत एकदाही पसरला नाही आणि टाकूनही देता आला नाही.

आता शेवटच्या आजारपणाचं. लोक म्हणतात ना, सांगायचं होतं पण वेळच मिळाला नाही, तसं मी म्हणू शकत नाही. डिसेंबरातली ती हॉस्पिटलातली दुपार. भाऊजी घरी आंघोळीला गेले होते. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. मी संत्री घेऊन आले होते. तू एक फोड तोंडात घातलीस आणि म्हणालीस, "ही काय संत्री झाली, सुमन? आमच्याकडे जनावरं नाही खात." मग थोडी पडून राहिलीस आणि डोळे मिटूनच म्हणालीस, "लतीफचा उजवा हात. मला अजूनही समजलं नाही नं ते."

त्या दुपारी कुणी आलं नाही. नर्स आली नाही, डॉक्टर आले नाहीत, तुला झोपही लागली नाही. दोन तास आपण दोघीच होतो. मी संत्री सोलत राहिले. प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा काढला, बिया काढल्या, बशीत गोल मांडल्या. तुला नको होत्या तरी मांडल्या. तू डोळे उघडून ती बशी बघितलीस आणि म्हणालीस, "किती व्यवस्थित करते तू सगळं."

तुला काय म्हणायचं होतं ते मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते. बहुधा काहीच नाही. तू तेवढी आडवळणानं बोलणारी नव्हतीस.

रविवारी, वंदना संपल्यावर, धुकं जरा विरळ झालं आणि फाटकापाशी उभी असलेली माणसं दिसली. लतीफ आणि शकुंतला. आत आली नव्हती. ती त्याच्या मनगटावर बोटं वाजवत होती, थांबून थांबून, आत काय चाललं आहे ते सांगत असणार. त्यानं मान खाली घातली होती आणि तिच्या हातावर अधूनमधून एकदाच ठोकत होता. तू ते पाहायला हवं होतंस. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचं बोलणं शाबूत होतं. मी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले तेसुद्धा त्यानं ऐकून तिला असेच ठोकून सांगितले असतील का, हे मनात आलं आणि मला तिथे उभं राहवेना.

मंगळवारी मी रिक्षा करून ऐशबागेला गेले. लतीफ अंगणात उन्हाला बसून खुर्ची विणत होता. वयाआधीच थकलाय तो. माझा आवाज ओळखून उठायला लागला, मी बसा म्हटलं. तुझ्याबद्दल थोडं बोलणं झालं. मग मी सांगितलं, कसलीही प्रस्तावना न करता, कारण प्रस्तावना केली असती तर मी तिथेच थांबले असते.

"लतीफ भैया, उस दिन दूध का पतीला मैंने हटाया था।"

त्याची बोटं वेतावर थांबली. मग एखाद्या अडलेल्या कामाची चौकशी करावी तशा आवाजात त्यानं विचारलं, "किधर रखा था?"

"स्टूल पर। बाल्टी की जगह।"

"और बाल्टी?"

"नीचे।"

"ढक्कन?"

"वो मैं माँजने ले गई थी।"

त्यानं उजवा हात उचलला आणि हळूच बाजूला नेला. त्या खोलीत स्टूल जिथे असायचं, जेवढं उंच असायचं, तिथे तो हात हवेत थांबला. आक्रसलेली कातडी उन्हात चकाकत होती.

"यहाँ।"

"हाँ।"

"तो हाथ ठीक गया था," तो म्हणाला.

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली नाही आणि परतही केली नाही. म्हणाला, "सात साल से हम अपने ही घर में दीवार टटोल के चलते हैं, भाभीजी। आप उसी दिन कह देतीं, तो पट्टी खुलते ही हम काम पर होते।" आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यानं विचारलं, "बहनजी को मालूम था?"

"नहीं।"

"पूछती थीं?"

"आख़िर तक।"

त्यानं मान हलवली. "तो उनसे कह दीजिए। हम तो सुन लिए।"

मी म्हटलं, अब कैसे, वो तो रहीं नहीं. तो म्हणाला, फिर भी कह दीजिए, आणि वेत उचलून पुन्हा विणायला लागला. मी निघायला उठले. त्याच्या पायापाशी, अगदी वाटेत, त्याची कात्री पडलेली होती. माझा हात तिच्याकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि कात्रीला वळसा घालून बाहेर आले.

आज भाऊजींनी तुझी पाटी मला दिली. ठेवायला जागा नाही म्हणाले. "कृपया बैठे रहें." तिच्यावर धूळ बसली आहे. पुसायला फडकं घेतलं होतं, पण आधी हे लिहायला बसले.

पातेलं मी हलवलं होतं, विमल. आपल्या भांडणात तुझं बरोबर होतं आणि माझं मला ठाऊक असून खोटं होतं. लतीफ भटकला नव्हता. त्याचा हात बरोबर जागीच गेला होता.

सुमन